जुन्या मोटारसायकलच्या टाकीतला गंज : कारणे, साफसफाई आणि दुरुस्ती



नेहमी आपण इथे पाठ, स्वाध्याय, निबंध असं काही पाहतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. विषय आहे गंज. पण पुस्तकातला नाही, माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीतला. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत याला कोणी गंज म्हणत नाही, "टंकीले जंग लागला" असंच म्हणतात. तर हा जंग नेमका काय असतो, तो का लागतो आणि तो काढायचा कसा, हे आज सविस्तर पाहू. शिक्षक मित्रांना यातून विज्ञानाचा एक छान तास घेता येईल आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांचे चार पैसेही वाचतील.

आधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. माझी गाडी शंभर सीसीची आहे, वडिलांनी 1999 साली घेतलेली. शाळेच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र 14 किलोमीटर, मध्ये सगळं जंगल. पावसाळ्यात दुसरीतल्या एका मुलीला थंडी वाजून ताप भरला. आशाताईंनी बोटातलं रक्त घेऊन तपासलं, मलेरिया निघाला. रात्री मुलीला झटकाही येऊन गेला होता, म्हणून ताई म्हणाल्या, "सर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." मुलीचे बाबा तिला मांडीवर घेऊन मागे बसले आणि आम्ही निघालो. त्या 14 किलोमीटरमध्ये गाडी तीनदा बंद पडली. चढ आला की गचके देणार, मग बंद. पाचेक मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा पावसाची झड सुरू होती आणि मुलगी बापाच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प पडली होती. मी किक मारत होतो आणि तिच्या बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

आम्ही पोहोचलो. मुलगी बरी झाली, आता तिसरीत आहे. पण ती पाच-पाच मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने कार्बोरेटरची वाटी उघडली तर आत तांबडा गाळ. त्याच महिन्यात त्याने ती दोनदा साफ केली होती. तो वैतागून म्हणाला, "गुरुजी, मी खालचं किती डाव साफ करू जी? जंग तर वरून येते!" मी विज्ञान शिकवणारा माणूस, आणि हे मला त्याने सांगावं लागलं. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र जेमतेम मिलिमीटरभर असतं. टाकीतून गंजाची एक कपची सुटली, जेटच्या तोंडाशी बसली की पेट्रोल थांबलं. गाडी बंद झाली की कपची खाली बसते, पेट्रोल पुन्हा येतं. म्हणून तर गाडी थोड्या वेळाने आपोआप चालू होते आणि आपण म्हणतो, "गरम झाली असेल."

टाकीत गंज येतो कुठून?

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात : पाणी आणि ऑक्सिजन. दोन्ही हवेत. एकच असेल तर गंज जवळजवळ चढत नाही. मग टाकीत तर पेट्रोल असतं, पाणी कुठून आलं?

पहिला रस्ता झाकणाचा. बऱ्याच गाड्यांमध्ये टाकीच्या तोंडाभोवती जी खोलगट जागा असते तिथे एक बारीक छिद्र असतं. पावसाचं पाणी त्यातून नळीवाटे खाली जावं म्हणून ते ठेवलेलं असतं. आपले रस्ते मातीचे. ते छिद्र चिखलाने बुजतं, पाणी झाकणाभोवती साचतं आणि झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर आत झिरपतं. माझ्या गाडीचं छिद्र बहुतेक कित्येक वर्षांपासून बुजलेलं होतं. मला ते छिद्र आहे हेच माहीत नव्हतं!

दुसरा रस्ता हवेचा. पेट्रोल खाली गेलं की त्याची जागा घ्यायला झाकणातल्या बारीक वाटेने बाहेरची हवा आत येते. दिवसा टाकी तापते, हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार होते, दमट हवा आत ओढली जाते आणि त्यातली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते. म्हणजे टाकी रोज श्वास घेते असं समजा. मे महिन्यात 46-47 अंशांनी भाजून निघणारा आपला मुलूख जून उजाडताच ओलाचिंब होतो, तेव्हा प्रत्येक श्वासात पाणी असतं. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा लवकर गंजते ती यामुळेच. आपण मात्र शंभर-शंभर रुपयांचं पेट्रोल टाकतो, त्यामुळे टाकी वर्षभर रिकामीच.

तिसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेल तर ते मिसळून इंजिनात जळून जातं, काही बिघडत नाही. पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोघंही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. आता टाकीचा आकार आठवा. खोगिरासारखी ती चेसिसच्या नळीवर बसलेली असते, दोन्ही बाजूंना एकेक पोट. पेट्रोलचा कॉक बहुधा एकाच पोटाला असतो. दुसऱ्या पोटातलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही! ते तिथेच वर्षानुवर्षं बसून राहतं. म्हणून टाकीला छिद्र पडतं ते बहुतेक वेळा खालून, कॉक नसलेल्या बाजूला किंवा सीटखाली जोडाच्या शिवणीजवळ.

भामरागडसारख्या ठिकाणी तर वेगळंच. पर्लकोटा नदीला पूर आला की पाणी थेट गावात शिरतं. अशा पुरात बुडालेल्या गाडीला किक मारायचीच नाही. आधी टाकी पूर्ण रिकामी करायची.

तुमच्या टाकीत पाणी आहे का हे पाहायची सोपी युक्ती : कॉकची नळी काढून थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा फिरणारा थेंब दिसला की समजायचं. मग झाकण उघडून टॉर्चने आत बघा. टॉर्चनेच, काडी पेटवून नाही. हसू नका, गावात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

साफसफाई

आता मुख्य काम. हे काम मोठ्या माणसांनीच, उघड्या अंगणात, चूल आणि विडीपासून लांब करायचं. मुलांनी फक्त दुरून बघायचं.

टाकी गाडीवरून काढा. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात किंवा पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये काढा. कॉक काढा, काट्याचं यंत्र असेल तर तेही काढा. ती भोकं बंद करायला मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून पत्र्याच्या पट्टीखाली बसवलं. मग धुण्याची पावडर आणि गरम पाणी घालून टाकी दोन-तीनदा खळबळून घ्या. ही पायरी लोक गाळतात. जुनं पेट्रोल सुकून आत राळेसारखा चिकट थर बसलेला असतो. तो गेला नाही तर पुढचं आम्ल गंजापर्यंत पोहोचतच नाही.

नंतर सुटा गंज पाडायचा. आमच्याकडे पूर्वी टाकीत गिट्टीची बारीक खडी टाकून हलवायचे. खडीचा चुरा होतो आणि तोच मग आत अडकतो, म्हणून मी ती टाळली. त्याऐवजी लोखंडी नट टाकले, मोजून 40. थोडं पाणी घातलं, रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून टाकी जुन्या गोधडीत गुंडाळली आणि मी आणि धाकट्या भावाने आळीपाळीने अर्धा तास हलवली. हात भरून आले. नट मोजून टाकण्याचं कारण सांगतो : बाहेर 39 च आले. चाळिसाव्याने पाऊण तास घेतला. शेवटी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं तेव्हा तो सापडला. चुंबकाला काळ्या कपच्याही चिकटून आल्या. तांबडी भुकटी मात्र जवळजवळ चिकटली नाही. काळा गंज म्हणजे बऱ्याच अंशी मॅग्नेटाइट, त्याला चुंबक ओढतो. तांबड्याला फारसा ओढत नाही. हे वर्गात जरूर दाखवा.

आता आम्ल. माझी निवड लिंबूसत. किराणा दुकानात मिळतं, स्वस्त आहे, हाताला फारसं लागत नाही. एक लिटर गरम पाण्याला 50 ते 60 ग्रॅम या हिशोबाने टाकी गळ्यापर्यंत भरायची. माझ्या टाकीला साधारण अर्धा किलो लागलं. लिंबूसत नसेल तर किराण्यातला पांढरा व्हिनेगर चालतो, वेळ जास्त लागतो. आजी पितळेची भांडी चिंचेने घासायची, तेच तत्त्व : धातूवर चढलेला ऑक्साइड आम्लात विरघळतो. टाकी 12 ते 24 तास ठेवा, मधून मधून हलवा, टॉर्चने बघत राहा. करडा पत्रा दिसला की थांबा. गंज संपल्यावर आम्ल चांगलं लोखंडही खातं, म्हणून "अजून एक दिवस राहू दे" असं करू नका. या वेळात आत थोडा हायड्रोजन वायू तयार होतो. त्यासाठी झाकण घट्ट लावायचं नाही आणि जवळ आग न्यायची नाही.

संडास धुण्याचं ॲसिड वापरू का, असं मला दोघांनी विचारलं. नको! ते तासाभरात गंज काढतं खरं, पण पत्राही खातं, त्याचा धूर छातीत जातो आणि त्यातलं क्लोराइड मागे राहिलं तर टाकी पहिल्यापेक्षा जोरात गंजते. आणखी एक लक्षात असू द्या. काही टाक्यांना आतून जस्ताचा मुलामा असतो. कुठलंही आम्ल घातलं की तोही जातो. म्हणून आतून थोडासाच डाग असेल तर आम्लाच्या नादी न लागता पाणी काढून टाकून फिल्टर बसवणं पुरेसं.

आम्ल काढलं की खाण्याच्या सोड्याचं पाणी आत घाला, लिटरला दोन चमचे. फसफसणं थांबेपर्यंत हलवा. मग साध्या पाण्याने धुवा. आणि आता घाई करा. इतक्या कामात घाई करायची जागा ही एकच. उघडं पडलेलं ओलं लोखंड दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा तांबूस व्हायला लागतं. पहिल्या वेळी मी टाकी उन्हात ठेवून जेवायला बसलो, जेवण होईपर्यंत आत नारंगी थर! पुन्हा सगळं केलं. दुसऱ्या वेळी शेजारच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरच्या हवेने आतून कोरडी केली आणि लगेच थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून ते सगळीकडे फिरवून घेतलं. तेलाचा पातळ थर बसला की हवा-पाणी पत्र्याला लागत नाही. ते मिश्रण काढून टाका, ताजं पेट्रोल भरा, शक्यतो गळ्यापर्यंत.

सांडपाण्याचं काय? आम्लाचं पाणी चुना किंवा सोडा घालून आधी शांत करा. विहीर, बोडी, नाल्याजवळ ओतू नका. पेट्रोलचं खरकटं जमिनीत तर मुळीच नाही.

छिद्र पडलं असेल तर

गंज काढल्यावर एक वाईट बातमी मिळू शकते. कधी कधी गंजानेच छिद्र बुजवलेलं असतं, ते मोकळं होतं आणि टाकी गळायला लागते. माझ्या टाकीला असं सुईच्या टोकाएवढं एक निघालं. टाकी खराब झाली असं समजू नका, ती आधीच झालेली होती, आता दिसली एवढंच.

रस्त्यात गळती लागली तर कपड्याच्या साबणाची वडी ओलसर करून त्या जागी घट्ट घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तेवढ्यावर घरी पोहोचता येतं. हा फक्त घरी पोहोचण्याचा उपाय. खाली तापलेलं इंजिन असतं हे विसरू नका.

सुईएवढ्या छिद्राला इपॉक्सी चालतो. आजूबाजूचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी लावा, वर काचेच्या धाग्याचं कापड दाबून पुन्हा एक थर द्या आणि पूर्ण 24 तास सुकू द्या. पाकिटावर पेट्रोल चालतं असं लिहिलेलाच घ्या. साधा, नळाच्या पाइपला लावतो तो, इथेनॉलच्या पेट्रोलने काही महिन्यांत मऊ पडतो.

छिद्र मोठं असेल किंवा शिवण उसवली असेल तर पितळेचं झाळकाम किंवा वेल्डिंग लागतं. मित्रांनो, इथे मी हात जोडून सांगतो, हे घरी करू नका. लोकांना वाटतं रिकामी टाकी सुरक्षित. उलट आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असेल तेव्हा ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा यांचं नेमकं हेच मिश्रण तयार होतं. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे झाकण उघडं ठेवलं तरी ती आतच बसून राहते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असंही नाही. जाणकार कारागीर टाकी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो आणि जिथे काम करायचं त्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरून, तोंड उघडं ठेवून मगच ज्योत लावतो. म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे अशी टाकी द्या. तो पाणी न भरता मशीन चालू करत असेल तर टाकी उचला आणि घरी या.

आता थोडं वर्गातलं

टाकीतून निघालेली भुकटी मी सुकवून बाटलीत भरली आणि शाळेत नेली. मुलांना विचारलं, "ही कशाची?" एक जण म्हणाला, "सर, मातीची." तो चुकला असं मला म्हणता आलं नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे ते हेमेटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. गंज म्हणजे तेच लोह, तोच ऑक्सिजन, सोबत थोडं पाणी. 112 ग्रॅम लोखंड 48 ग्रॅम ऑक्सिजन घेऊन 160 ग्रॅम ऑक्साइड होतं. खनिजातला ऑक्सिजन कोळशाच्या मदतीने भट्टीत काढला की लोखंड मिळतं, आणि ते लोखंड पावसात ठेवलं की हवेतून ऑक्सिजन परत घेतं. चंद्रपूर जिल्ह्यातही लोहारा हे नाव लोहखनिजासाठी जुन्या काळापासून माहीत आहे. मुलांनी बाटली कितीतरी वेळ हातात धरून ठेवली.

तीन बाटल्यांचा प्रयोगही करून घ्या. एकीत खिळा आणि साधं पाणी. दुसरीत खिळा, उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडा खिळा आणि बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, वर घट्ट बूच. आठ दिवसांनी बघा. पहिल्यातलाच खिळा गंजलेला दिसेल. मग मुलांना विचारा : सरांच्या टाकीत तेल का फिरवलं?

मोठ्या वर्गाला दिल्लीच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सांगा. सुमारे 1600 वर्षं जुना, 7 मीटरहून उंच, वजन 6 टनांवर, तरी गंजाने खाल्ला नाही. कानपूर आयआयटीचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ थर बसला आणि तो खालच्या लोखंडाला सांभाळतो. बाजारात गंजावर लावायची जी फॉस्फोरिक आम्लाची द्रावणं मिळतात तीही असाच फॉस्फेटचा थर सोडतात. हातमोजे आणि चष्मा घालून ती टाकीला वापरता येतात, लिंबूसतापेक्षा महाग पडतात.

माझा एकूण खर्च लिंबूसत, सोडा, इपॉक्सी, झाकणाचं नवं रबर आणि कॉकच्या खाली बसवलेला छोटा प्लॅस्टिकचा फिल्टर एवढाच झाला. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे ठेवायचा. झाकणाजवळचं ते छिद्र मी सायकलच्या तारेने मोकळं केलं आणि आता मृग लागायच्या आधी दरवर्षी करणार आहे.

फिल्टर दिवाळीच्या सुट्टीत काढून बघितला, तळाशी चिमूटभर तांबूस भुकटी होती. नवा बसवला. संक्रांतीला पुन्हा बघितला, तेव्हा काही नव्हतं.